गठ्ठा मतं मागायला येतील तेव्हा

जय ख्रिस्त बाळ,

तुझा भला मोठा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. चर्चच्या तरुण संघात जुंपलीय, ग्रुपमधून तिघंचौघं लेफ्ट झालेत, वॉर्डातला एक इच्छुक चर्चच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक घालून देतो म्हणालाय आणि बदल्यात त्याला रविवारी उपासना संपल्यावर दोन मिनिटं माइक पाहिजे, वर 'तुमच्या मंडळीची मतं एकगठ्ठा आपल्यालाच' एवढा शब्द पाहिजे. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी तू विचारतेस की काका, ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडावं का नाही. अगं यात दोन वेगळे प्रश्न आहेत, माइकचा आणि राजकारणाचा, आणि तुमचं भांडण लागलंय ते दोन्ही एकात कालवल्यामुळं.

माइकचं आधी संपवतो कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. द्यायचा नाही. आचारसंहितेत सरळ लिहिलंय की देऊळ, मशीद, चर्च कुठलंच प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायचं नाही, आणि आचारसंहिता लागलेली नसली तरी १९८८ चा एक कायदा आहे, धार्मिक संस्थांची जागा राजकीय कामाला वापरू नये म्हणून, तो वर्षभर लागू असतो. लोकप्रतिनिधी कायदा १९५१, त्यातलं कलम १२३ तर वाचच एकदा, मोबाईलवर मिळतंय. धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट मार्ग, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन ते आणखी घट्ट केलं, उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म काढूनही मत मागायचं नाही. पण त्याच कलमात एक गोष्ट आहे जी आपल्या पाळकांना कुणी सांगत नाही, ती म्हणजे अमक्याला मत दिलंस किंवा नाही दिलंस तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात घालणं, हाही तिथं गुन्ह्यासारखाच धरलाय. त्यामुळं उद्या कुणी पुलपिटावरून 'प्रभूची इच्छा अमुक चिन्हावर आहे' असं सुचवायला लागलं तर ते नुसतं वाईट उपदेशात मोडत नाही. तो इच्छुक उपासनेला आला तर येऊ दे, आनंदानं बाकावर बसव, गीतांचं पुस्तक हातात दे. नाताळात सगळ्या पक्षांचे लोक शाल आणि बुके घेऊन येतातच की, केक खातात, फोटो काढतात, जातात. माइकला हात लावायचा नाही एवढंच.

आता ब्लॉक. इथं मला जरा राग येतो म्हणून लांबण लागेल, ऐकून घे.

आपल्याकडं मतदानाच्या आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन होतं हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत आहे, त्याआधी आठवडाभर तालमीत आणि हॉलवर तांबडा-पांढरा चालू असतोय. धुणीभांडी करणारी आपली एखादी बहीण पाचशेची नोट घेते आणि पुढच्या रविवारी कोणीतरी प्रार्थनेत तिचं नाव न घेता तिच्यावरच बोलतं, लाच डोळसाला आंधळं करते, बायबलात निर्गम अध्याय तेवीस. बरोबर आहे, वचन तेच सांगतं. पण तेच वचन बोलणारे आपण सगळे मिळून लाखभराचे ब्लॉक घेतो, सभागृहावर पत्रे घालून घेतो, साउंड सिस्टीम घेतो, आणि त्याला काय म्हणतो? देवानं पुरवठा केला. एकटीनं घेतली तर लाच आणि कमिटीनं घेतली तर आशीर्वाद, हे गणित मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. तिला निदान घरात गॅस भरायचा असतो. आणि 'पैसे घ्यायचे, मत आपल्याला पाहिजे त्यालाच द्यायचं' म्हणणारे शहाणे आपल्यात पण आहेत, त्यांना विचार की मग शब्द देताना तुम्ही खोटं बोललात त्याचं काय. आवार खरंच चिखलाचं झालं असेल तर वर्गणी काढा. नाहीतर बिनब्लॉकचं राहू दे, पावसाळ्यात पाय भरले म्हणून उपासना अडत नाही.

गठ्ठ्याचं मी जरा आतून बघितलंय, मास्तरकीत निवडणुकीच्या ड्युट्या चुकत नाहीत ना. विधानसभेला सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर मॉक पोल घेतात, किमान पन्नास मतं टाकून बघायची, मशीनचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या, मशीन क्लिअर करायचं, मग खरं मतदान. आत गेलेल्या माणसानं कुठलं बटण दाबलं हे केंद्राध्यक्षालाही कळत नाही. त्यामुळं 'चर्चची अडीचशे मतं माझ्या खिशात' म्हणणारा आपला जो कोणी पुढारी आहे तो थापा मारतोय, त्याच्या घरातली तीन मतं एका जागी पडतील का याची खात्री नाही. पण दुसरी बाजू पण आहे, ती लक्षात ठेव. कुणी कुणाला दिलं ते कळत नसलं तरी केंद्रनिहाय आकडे कळतात, निकालानंतर ते सगळे कागद कार्यकर्त्यांच्या हातात असतात आणि वही घेऊन गल्लीगल्लीचा हिशोब होतो. आपण देशात सव्वादोन टक्के, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणं एक टक्कासुद्धा नाही, आणि शहरात दोनचार मिशन कंपाऊंडच्या आसपास दाटीनं राहतो. म्हणजे एकदा का कोणी आपल्या नावानं गठ्ठा विकला की तो माणूस जिंको नाहीतर हरो, पाच वर्षं आपण 'त्यांचे लोक'. हरला तर गटारीची तक्रार घेऊन जाणार कुणाकडं? शब्द दिलेला पुढारी तेव्हा फोन उचलत नाही.

आणि गंमत बघ, हे गठ्ठ्याचं राजकारण आपल्या मोठ्या माणसांनी स्वतः होऊन सोडलेलं आहे. १९३५ च्या कायद्यात भारतीय ख्रिश्चनांना वेगळे मतदारसंघ होते, ख्रिश्चन उमेदवाराला ख्रिश्चनांनीच निवडायचं. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती माणूस, घटना समितीचे उपाध्यक्ष पण तेच, आणि १९४९ मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा नकोत या बाजूनं ते उभे राहिले. त्याच्याही आधी, १९१६ ला टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा तिचे अध्यक्ष कोण, तर जोसेफ बॅप्टिस्टा, माझगावचे, लोक त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणायचे, पुढं १९२५ ला मुंबईचे महापौर झाले. कॅथलिक माणूस, त्यांच्याकडं काही कोणी चर्चचा माणूस म्हणून बघितलं नाही. आपल्या संडे स्कूलमध्ये आपण पोरांना मिशनऱ्यांची नावं पाठ करून घेतो, वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले वगैरे, ते पाहिजेच, पण काका बॅप्टिस्टा एकाला पण माहीत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. संघातले जे म्हणतात राजकारण जगिक आहे, आपण नुसती प्रार्थना करायची, ते रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढतात, अधिकाऱ्यांच्या अधीन असा. त्यांना म्हणावं ज्या पौलानं ते लिहिलं त्याचीच हकिकत, प्रेषितांची कृत्ये सोळा, उघडा. फिलिप्पैत त्याला आणि सीलाला भर चौकात फटके मारले, चौकशी न करता तुरुंगात घातलं, रात्री भूकंप झाला, सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडा त्यांना, जाऊ दे गुपचूप. आपल्यातला कोणी असता तर हालेलुया म्हणून पिशवी उचलून चालता झाला असता. पौल म्हणाला, नाही जात. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता चोरून बाहेर काढताय होय, त्यांना म्हणावं स्वतः या. आणि आले की ते, विनवण्या केल्या. पुढं यरुशलेमेत चाबूक मारायला बांधलं तेव्हा पुन्हा नागरिकत्व काढलं आणि शेवटी थेट कैसराकडं अपील. म्हणजे अधीन राहा लिहिणारा माणूस आपला हक्क कुठल्या अधिकाऱ्याकडं कसा मागायचा हे व्यवस्थित जाणून होता.

आणि बायबलातलंच शास्ते नऊ वाच, झाडांनी राजा निवडायची गोष्ट. जैतून म्हणतो मी माझं तेल सोडून तुमच्यावर झुलायला येऊ काय, अंजीर नको म्हणतो, द्राक्षवेल नको म्हणते, मग काटेरी झुडूप तयार होतं आणि म्हणतं या माझ्या सावलीला. काटेरी झुडपाला कसली आलीय सावली! यावर उपदेश पुष्कळ होतात पण त्याच अध्यायात आधी काय आहे ते कुणी वाचत नाही, ही गोष्ट ज्या राजावर रचलीय त्या अबीमलेखाला खर्चाला पैसे कुठून मिळाले, तर बआल-बरीथाच्या देवळातून, रुप्याची सत्तर नाणी, त्यातून त्यानं रिकामटेकडी पोरं भाड्यानं घेतली आणि भाऊ मारले. देवळाचा पैसा राजकारणात. तुमच्याकडं राजकारणाचा पैसा देवळात येतोय, दिशा उलटी आहे एवढाच फरक.

राजकारण आपल्याला शिवत नाही म्हणणाऱ्यांना अजून एक विचार. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश, त्यात हिंदू सोडून दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचं धरायचं नाही असं आहे, १९५६ ला शिखांना त्यात घेतलं, १९९० ला बौद्धांना, आपण अजून बाहेर. म्हणजे आजोबांची जात तीच, वस्ती तीच, विहिरीवरचा अपमान तोच, पण कागदावर ख्रिश्चन लिहिलं की सवलत नाही आणि अनुसूचित जातीसाठी राखीव वॉर्डात उभं पण राहता येत नाही. म्हणून आपल्यातच कितीतरी घरांत दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला दुसरं असं चालतं. त्यांना तू कधी नावं ठेवू नकोस, तुझ्या त्या कडक विश्वासाच्या मैत्रिणीला पण सांग. हा प्रश्न गुडघ्यावर जसा मांडायचा तसाच खासदारापुढं पण मांडायचा आहे, आणि एका नाही, सगळ्या पक्षांच्या.

पण नुसते आपलेच प्रश्न घेऊन जाऊ नका ग. उमेदवार आला की आपली यादी ठरलेली, दफनभूमीची भिंत, कंपाऊंडचा रस्ता, नाताळची लायटिंग. यिर्मया संदेष्टा बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहितो, ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा, त्यासाठी प्रार्थना करा. ते बाबेल होतं, हे तर आपलं कोल्हापूर. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी आलं तेव्हा ते कुणाचा धर्म विचारून नाही आलं. पंचगंगेत सांडपाणी किती दिवस सोडणार, पूररेषेत बांधकामाला परवानगी कोण देतंय, केएमटीच्या बस वेळेवर का नाहीत, हे विचारा. ख्रिस्ती पोरं येऊन हे विचारतायत म्हटल्यावर समोरचा जरा गडबडतोच, मला तर ते बघायला लई आवडेल.

कुणाला मत द्यायचं ते मी तुला सांगणार नाही आणि तू मला विचारलं पण नाहीस, बरं केलंस. एकाच बाकावर बसणारे दोघं वेगवेगळं बटण दाबणार, दाबू दे. 'त्याला मत देणारा खरा विश्वासणाराच नव्हे' हे वाक्य मात्र संघात कुणाच्या तोंडून येऊ देऊ नको, निकालानंतर एकाच प्रभुभोजनाला बसायचं आहे सगळ्यांना. लेफ्ट झालेल्यांना मेसेज करत बसू नको, घरी जा त्यांच्या.

रविवारी ब्लॉकवर मीटिंग आहे म्हणालीस, मी यावं म्हणालीस. मी येत नाही. मी आलो की म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडं बघतात आणि पोरं गप्प बसतात, मग तोही एक गठ्ठाच झाला. तूच उभी राहा, १९८८ च्या कायद्याची प्रिंट काढून ने, वडीलमंडळाला लेखी द्या की आवारात कुठल्याच उमेदवाराचं देणं घ्यायचं नाही, मिनिट्समध्ये नोंद करून घ्या म्हणजे पुढच्या वेळी परत तेच नको. पाळकसाहेबांना आदल्या दिवशी भेट, अचानक सगळ्यांसमोर नको, त्यांच्यावर दोन्हीकडून दबाव असतोय.

आणि तुझा भाऊ अठरा पूर्ण झाला ना ग? फॉर्म सहा भरला का त्याचा? आता जानेवारीचीच वाट बघायला लागत नाही, वर्षातनं चार तारखा असतात. आईला सलाम सांग.

तुझा,
काका