स्वतःच्या मुलाला शिकवायला पदविका लागावी का?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याबद्दल गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच मुद्द्यावर आहे : घरी शिकवणाऱ्या आई-वडिलांकडे शिक्षकाची पात्रता असावी की नसावी. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी आयुष्याची सव्वीस वर्षे अध्यापक विद्यालयात शिकवण्यात घालवली. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल मला आपुलकी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. सात वर्षांच्या मुलीला जूनपासून घरीच शिकवायचे आम्ही ठरवले आहे. आमच्या सोसायटीतील एक शिक्षिका म्हणतात की डी.एड. किंवा बी.एड. नसताना असे करणे हा गुन्हा आहे. हे खरे आहे का? (एक आई, कोथरूड, पुणे)

गुन्हा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेची तरतूद आहे, पण ती शाळेत होणाऱ्या नेमणुकीसाठी आहे. आपल्याच मुलीला घरी शिकवणाऱ्या आईचा त्यात उल्लेख नाही. मात्र याच कायद्याचे कलम १० सांगते की सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. ते न पाळल्यास केंद्रीय कायद्यात पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. म्हणजे परवानगीही स्पष्ट नाही आणि मनाईलाही दात नाहीत, अशा जागेवर आपण उभ्या राहणार आहात, हे समजून पाऊल टाकावे.

एक सावधगिरी सांगतो. सोसायटीतील चार-पाच मुले एकत्र करून, फी घेऊन कोणी नियमित वर्ग भरवू लागले, तर ते गृहशिक्षण राहत नाही. विनामान्यता शाळा चालवणाऱ्यास कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षे शिकवतो आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. ज्यांचे आयुष्य फळ्यासमोर गेले त्यांना परीक्षा आणि ज्यांनी कधी खडू हातात धरला नाही त्या पालकांना मोकळीक, हा कुठला न्याय? (एक प्राथमिक शिक्षक, लातूर जिल्हा)

आपली व्यथा मला कळते. माझे कितीतरी विद्यार्थी आज याच विवंचनेत आहेत. दिवसभर वर्ग सांभाळून रात्री बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाकडे पाहून वाईट वाटते. तरीही आपण केलेली तुलना मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

पात्रता कशासाठी असते, हा मूळ प्रश्न आहे. टीईटीच्या दीडशे गुणांपैकी तीस गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे असतात, तर उरलेले भाषा, गणित, परिसर अभ्यास अशा विषयांचे. अध्यापक विद्यालयात आम्ही पाठटाचण काढायला शिकवतो, सरावपाठ करवून घेतो, एकाच खोलीत दोन इयत्ता कशा सांभाळायच्या ते दाखवतो. चाळीस घरांतून आलेली, चाळीस तऱ्हांनी शिकणारी मुले एका अनोळखी माणसाच्या हवाली करताना राज्याने पालकांना दिलेली ती हमी आहे. ती हमी मागण्याचा प्रत्येक पालकाला अधिकार आहे, कारण त्याने आपले मूल परक्या माणसावर सोपवलेले असते.

आपल्याच इतिहासात या फरकाचे उदाहरण आहे. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवले. जोतीराव काही प्रशिक्षित शिक्षक नव्हते आणि त्यावाचून काही अडलेही नाही. पण दुसऱ्यांच्या मुलींना शिकवण्याचे व्रत घेतले तेव्हा सावित्रीबाईंनी अहमदनगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षक-प्रशिक्षण घेतले. घरच्या माणसाला शिकवणे आणि लोकांच्या मुलांना शिकवणे यांतील अंतर त्या काळीही ओळखले गेले होते.

मग पालकांना पूर्ण मोकळीक द्यावी का? तेही मला पटत नाही. आपल्या वर्गात येणाऱ्या मुलाला जे मिळते आणि घरी शिकणाऱ्या मुलाला हमखास मिळेलच असे नाही, त्यात पदविकेपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. शाळेतल्या मुलाला आई-वडिलांखेरीज दुसरे कोणीतरी रोज पाहत असते. मूल तीन दिवस गप्प असले, हातावर वळ दिसले, फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करू लागले, तर ते बाईंच्या ध्यानात येते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कलम १७ ने शाळेत बंदी आहे. घरी अभ्यास घेताना उगारलेल्या हाताला ते कलम लागू नाही. म्हणून माझे मत असे की पालकांकडे प्रमाणपत्र मागू नये, पण वर्षातून निदान दोनदा घराबाहेरच्या जाणत्या माणसाने त्या मुलाला भेटणे सक्तीचे असावे. आपल्यासारखा एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक या कामाला सर्वांत योग्य ठरेल.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, आता कॅलिफोर्नियात राहतो. मुलाला घरी शिकवण्याचा विचार आहे. येथे कधीकाळी न्यायालयाने पालकांना शिक्षकाचा परवाना आवश्यक ठरवला होता असे ऐकतो. सध्या काय स्थिती आहे? (एक वडील, फ्रेमाँट)

आपण ऐकले ते खरे आहे. २००८ च्या फेब्रुवारीअखेर तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला की घरी शिकवणाऱ्याकडे राज्याचा शिक्षक-परवाना हवा. हजारो कुटुंबे एका दिवसात बेकायदा ठरण्याची वेळ आली. न्यायालयाने फेरसुनावणी घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आधीचा निकाल फिरवला. घर हे खाजगी शाळा म्हणून चालवता येते आणि तेथील खाजगी शाळेतील शिक्षकाला परवान्याची अट नाही, फक्त तो शिकवण्यास समर्थ असावा, असे त्या न्यायालयाने मानले. त्यामुळे आपल्याला दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याकडे प्रतिज्ञापत्र भरावे लागेल. परवान्याची अट आहे ती खाजगी शिकवणीच्या वेगळ्या मार्गाला : त्यात परवानाधारक शिक्षकाने वर्षातून १७५ दिवस, रोज किमान तीन तास शिकवायचे असते.

त्या खटल्याचा उगम मात्र विसरू नये. शिकवणे चांगले की वाईट, या वादातून तो उभा राहिला नव्हता. बालसंरक्षणाच्या एका प्रकरणात मुलांच्या वकिलांनी मागणी केली होती की ही मुले शाळेत जावीत, म्हणजे घराबाहेरच्या कोणाच्या तरी नजरेस पडतील. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्याच राज्यातील पेरिस या गावी एका घरातून सतरा वर्षांची मुलगी खिडकीवाटे निसटली आणि तिने पोलिसांना फोन केला, तेव्हा तेरा भावंडांचा अनन्वित छळ उघड झाला. ते घर कागदोपत्री खाजगी शाळा म्हणून नोंदलेले होते. त्या आई-बापांकडे शिक्षकाचा परवाना असता तरी त्या मुलांच्या वाट्याला वेगळे काय आले असते? कोणी दार वाजवून मुलांशी बोलले असते, तर मात्र आले असते.

प्रश्न : माझी सून दहावीपर्यंत शिकलेली आहे. नातू नऊ वर्षांचा. ती त्याला घरी शिकवीन म्हणते. हे तिला झेपेल का? (एक आजोबा, कोल्हापूर)

आजोबा, एक पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मिरजेजवळ एका घरी गेलो होतो. वडील अभियंता, मुलाला स्वतः शिकवत होते. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, एक चतुर्थांश, कारण तीनापेक्षा चार मोठे. वडिलांनी नियम लिहून दिला : अंश सारखे असतील तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान. मुलाने तो पाच वेळा घोकला आणि पुढच्या उदाहरणात एक अष्टमांशाला एक षष्ठांशापेक्षा मोठे ठरवले. वडिलांचा आवाज चढला. तेवढ्यात चौथी शिकलेली आजी स्वयंपाकघरातून दोन भाकऱ्या घेऊन आली. एकीचे तीन सारखे तुकडे केले, दुसरीचे चार, आणि तुला कुठला हवा, असे विचारले. मुलाने तुकडा तुकड्यावर ठेवून पाहिला, थोडा वेळ गप्प राहिला आणि मग वहीतले उत्तर स्वतःच खोडले.

गोष्ट येथे संपत नाही. लगेच त्याने विचारले, मग दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांत मोठे कोणते? आजी अडली. तेथे वडिलांचे गणितच कामी आले. प्रशिक्षित शिक्षिकेला ही चूक नऊ वर्षांच्या मुलांत सर्रास होते हे आधीच ठाऊक असते, आणि ती कागदाच्या पट्ट्या घडी घालून तयार ठेवते.

तेव्हा सूनबाईंचे शिक्षण किती झाले, एवढ्यावरून निकाल देऊ नये. त्या स्वतः काही वाचतात का? मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर दटावतात, की मलाही येत नाही, बघू या, असे म्हणतात? पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आई लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाई स्वतः ती भाषा लग्नानंतर पतीकडून शिकल्या होत्या. शिकता शिकता शिकवणारी आई चौथी-पाचवीपर्यंत उत्तम निभावून नेते, असा माझा अनुभव आहे. सहावीपासून विज्ञान, बीजगणित आणि इंग्रजी यांसाठी मदत घ्यावी लागेल आणि तिची तजवीज आताच करावी.

प्रश्न : दहावीच्या परीक्षेचे काय? (एक पालक, नागपूर)

दोन मुख्य वाटा आहेत : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा, जिला दहावीसाठी किमान वय चौदा लागते, किंवा राज्य मंडळाची परीक्षा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून देणे. दोन्हीकडे आई-वडिलांची पात्रता कोणी विचारत नाही. आधी शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा.

प्रश्न : घराबाहेरच्या माणसाने मुलाला भेटावे, हे आपले मत मी याआधीही वाचले आहे. पण माझ्या मुलाला वाचनाची अडचण आहे आणि शाळेतल्या सततच्या तपासणीनेच तो खचला होता. उद्या एखादा अधिकारी घरी येऊन वह्या मोजू लागला तर? (एक आई, नाशिक)

आपली भीती रास्त आहे. वह्या मोजणारी तपासणी मी स्वतः भोगली आहे. तिने मुलाचे काही भले होत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात वर्षाअखेर मूल्यमापन करणारी व्यक्ती पालकच निवडतात. ती पात्र शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ असू शकते, आणि तिने मुलाशी बोलणे व त्याच्या वर्षभराच्या कामाचा संग्रह पाहणे अपेक्षित असते. आपल्याकडेही असेच व्हावे असे मला वाटते. आपल्या मुलाच्या बाबतीत तर वाचनदोष जाणणारी तज्ज्ञ व्यक्तीच हवी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हे आपण स्वतःहून सुरू करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला आवडणाऱ्या एखाद्या जुन्या बाईंना दर सहा महिन्यांनी घरी बोलवा. अर्धा तास त्या दोघांनाच बसू द्या आणि आपण तेवढ्या वेळात बाहेर फिरून या. गुण नकोत, शेरा नको. मुलाने आपल्याला हवे ते वाचून दाखवावे, नको असेल तर केलेले काही दाखवावे, मित्रांबद्दल सांगावे, आणि आईबद्दल काही तक्रार असेल तर तीही सांगावी.