चष्मा घालवण्याआधी
(वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : मी २३ वर्षांची असून कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहते आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. दुपारची पाळी संपवून रात्री उशिरा स्कूटरने घरी येते. पावसाळ्यात हेल्मेटच्या आत चष्म्यावर वाफ धरते, समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात काहीच दिसत नाही. म्हणून वर्षभर कॉन्टॅक्ट लेन्स वापरते आहे. माझे लग्न मार्गशीर्षात आहे आणि त्याआधी लेझर शस्त्रक्रिया करून घ्यावी असे मला वाटते. आई मात्र म्हणते, ‘चांगला डोळा भाजून घ्यायचा, हे कसले खूळ?’ सोबत नंबरच्या दोन चिठ्ठ्यांची प्रत जोडली आहे. मला अधूनमधून डोळ्यांना खाज सुटते, एवढाच काय तो त्रास आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. रात्री महामार्गावरून पावसात येताना काचेवर धरलेली वाफ म्हणजे जिवाशी खेळ आहे आणि त्यातून सुटका हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही मार्गशीर्षापूर्वी शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत.

पहिले कारण चिठ्ठ्यांत आहे. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीत डाव्या डोळ्याचा नंबर उणे ४.२५ आहे आणि या वर्षीच्या चिठ्ठीत तो उणे ५ झाला आहे, म्हणजे एका वर्षात पाऊण नंबर वाढला आहे. शस्त्रक्रियेसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदललेला नसावा, ही अट वयापेक्षा महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होते. वाढता नंबर आज काढून टाकला, तरी वाढण्याची प्रवृत्ती लेझरने थांबत नाही. दोन वर्षांनी पुन्हा चष्मा लागला, तर दोष यंत्राचा नसून घाईचा असतो. शिवाय दोन्ही चिठ्ठ्या चष्म्याच्या दुकानातल्या आहेत. तरुण डोळा तपासणीच्या वेळी नकळत ताण घेतो आणि नंबर असतो त्याहून जास्त भरतो, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून एकदा नंबर तपासून घ्या. वाढ खरी आहे की भासमान, याचाही उलगडा त्यातच होईल.

दुसरे कारण तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिले आहे, आणि माझे लक्ष त्या ओळीवरच खिळले आहे. खाज सुटणारा माणूस डोळा चोळतो. डोळ्याच्या पुढच्या बाजूस जे पारदर्शक पटल असते, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, ते काही जणांत मुळातच कमकुवत असते आणि सतत चोळल्याने पातळ होत शंकूसारखे पुढे येऊ लागते. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीच्या काळात तो साध्या तपासणीत दिसत नाही; नंबर वाढतो आहे एवढेच कळते. अशा डोळ्यावर लेझर केले, तर दुबळी भिंत आणखी तासल्यासारखे होते. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसलेला एक तरुण बोलता बोलता मुठीच्या मागच्या बाजूने उजवा डोळा चोळत होता. त्याचा नंबर अवघा उणे २.५ होता आणि त्याने शस्त्रक्रियेची तारीख ठरवूनच दुसरे मत विचारले होते. त्याच्या कॉर्नियाचा रंगीत नकाशा छापून टेबलावर ठेवला, तेव्हा वरचा भाग हिरवा-निळा होता आणि खालच्या बाजूस बोटाच्या पेरासारखा एक नारिंगी-तांबडा डाग होता, म्हणजे तेथे कॉर्निया पुढे येऊ लागला होता. मी नकार दिला, तेव्हा तो नाराज होऊन उठला. त्याला लेझरऐवजी कॉर्निया बळकट करणारे उपचार घ्यावे लागले. त्यात रायबोफ्लेव्हिनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात. तुमच्या बाबतीत तसेच असेल, असे मी म्हणत नाही. पण हा नकाशा काढल्याशिवाय कोणी तुम्हाला ‘होय’ म्हणाले, तर तेथून उठून या. खाजेसाठी आधी ॲलर्जीचे उपचार घ्या आणि आजपासून डोळे चोळणे बंद करा.

आता आईच्या शंकेविषयी. या शस्त्रक्रियेत डोळा भाजत नाहीत. तिच्यात वापरला जाणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो पेशींचे रेणुबंध तोडतो आणि आजूबाजूचा भाग तापत नाही. हे प्रथम लक्षात आले ते १९८१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील आयबीएम या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत. तेथील तिघा शास्त्रज्ञांपैकी रंगास्वामी श्रीनिवासन हे मद्रासमध्ये शिकलेले. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कुर्चेवर त्यांनी हा किरण वापरून पाहिला, तेव्हा कडा न जळता स्वच्छ काप पडलेला दिसला. शस्त्रक्रिया चालू असताना केस जळल्यासारखा वास येतो, हे मात्र खरे आहे. तो वास ऐकीव गोष्टींत ‘डोळा भाजण्याचा’ होऊन बसतो. आईंना बरोबर घेऊन तपासणीला जा आणि त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या; त्यांची भीती त्यांच्यासमोर बोलूनच जाईल.

प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची धास्ती जास्त असते. भूल देणारे थेंब घालतात, पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात आणि तुम्हाला एका लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायला सांगतात. लॅसिक पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पातळ थर झडपेसारखा उचलतात. त्यासाठी डोळ्यावर कडे बसवून दाब दिला की काही सेकंद समोरचे सारे अंधारून येते. रुग्ण घाबरतो तो या क्षणी, म्हणून तो आधीच माहीत असावा. त्यानंतर टकटक आवाज करत लेझर चालते, बहुधा मिनिटभराच्या आत संपते आणि झडप परत जागेवर बसवतात. टाके लागत नाहीत. दोन्ही डोळ्यांचे मिळून २०-२५ मिनिटांत आटोपते. स्माइल पद्धतीत झडप न उचलता आतला एक पातळ भाग लहानशा छेदातून बाहेर काढतात, तर पीआरके पद्धतीत सर्वांत वरचा नाजूक थर बाजूला करून पृष्ठभागावरच लेझर करतात. यांतली कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर जाहिरातीत नसते, तुमच्या कॉर्नियाच्या जाडीत आणि तुमच्या कामात असते.

जाडीचे गणित घरी कागदावर मांडता येण्यासारखे आहे. सरासरी कॉर्निया सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त जाड असतो. लॅसिकची झडप साधारण ११० मायक्रॉनची धरा. एक नंबर घालवण्यासाठी १२ ते १४ मायक्रॉन तासावे लागतात, म्हणजे तुमच्या उणे ५ साठी सुमारे ७०. खाली ३६० उरले. हा उरलेला भाग २५० हून कमी होता कामा नये आणि अनेक शल्यचिकित्सक ३०० पर्यंत राखतात, म्हणजे सरासरी जाडीच्या डोळ्यात तुमचा हिशोब सहज बसतो. मात्र एखाद्याचा कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आणि नंबर उणे ९ असेल, तर १२५ च्या आसपास तासून खाली २४५ च उरतील. त्या माणसाला ‘नाही’ म्हणणे हीच त्याची सेवा आहे. त्याच्यासाठी डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा मार्ग असू शकतो. तुमची जाडी किती आहे, हे मोजल्याशिवाय तुमचे गणित पुरे होत नाही. आणि हे मोजमाप करण्यापूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे, कडक असल्यास त्याहून अधिक काळ, पूर्ण बंद ठेवा. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि नकाशा खोटा येतो.

धोक्यांविषयी स्पष्ट बोलतो. जंतुसंसर्ग होणे किंवा कॉर्निया पुढे फुगत जाणे असे गंभीर प्रकार विरळ आहेत. जे वारंवार आढळते ते कोरडेपण आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये. झडप उचलताना कॉर्नियातील बारीक नसा तुटतात, त्यामुळे अश्रूंची घडी विस्कटते; बहुतेकांचे डोळे तीन ते सहा महिन्यांत सावरतात, थोड्यांचे त्यापुढेही कोरडे राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या अभ्यासात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेबाबत समाधानी होते. मात्र ज्यांना आधी कसलीही तक्रार नव्हती, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी वलये, चकाकी यांसारखे निदान एक तरी नवे लक्षण सांगितले. त्या लक्षणांमुळे ज्यांची रोजची कामे फार अडली, असे एक टक्क्याहूनही कमी होते. हे सारे आकडे एकत्र वाचावेत. तुमच्यासाठी मला ४६ टक्क्यांचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मार्गशीर्षाच्या तोंडावर शस्त्रक्रिया केली, तर वलये सर्वांत जास्त दिसण्याचे दिवस आणि या ट्रॉल्यांचे दिवस एकच येतील. अंधारात तुमची बाहुली किती मोठी होते, हे मोजून घ्यायला विसरू नका आणि शस्त्रक्रिया झालीच, तर पुढचे काही आठवडे दिवसपाळी मागून घ्या.

लग्नाचा आणखी एक मुद्दा राहतो. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, म्हणून त्या काळात ही शस्त्रक्रिया करत नाहीत. लग्नानंतरचा बेत ठरवताना हे पती-पत्नींनी एकमेकांशी बोलावे. लग्नाच्या दिवशी चष्मा नको असेल, तर त्या दिवसापुरत्या लेन्स आहेतच. नंबर वर्षभर स्थिर राहिला, खाज आटोक्यात आली आणि नकाशा निर्दोष निघाला, तर पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हाला ‘जरूर करा’ असे सांगेन.

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून रोज तालमीत लढतीचा सराव करतो आणि सैन्यभरतीची तयारीही करतो आहे. माझा नंबर उणे २.५ आहे व तीन वर्षे तेवढाच आहे. लॅसिक करावे का?

उत्तर : तुमच्यासाठी झडप उचलण्याची पद्धत योग्य नाही. लॅसिकची झडप जागेवर चिकटते, पण पूर्वीइतकी घट्ट कधीच होत नाही. जोराचा मार लागून ती सरकल्याची उदाहरणे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही आढळली आहेत. कुस्तीत कोपर, अंगठा, डोके काहीही डोळ्यावर बसते. कॉर्निया पुरेसा जाड व निर्दोष असेल, तर तुमच्या नंबरला पीआरके चांगली. तिच्यात पहिले तीन-चार दिवस डोळे बोचतात, पाणी येते आणि नजर पूर्ण निवळायला काही आठवडे लागतात, पण सरकायला झडपच नसते. आखाड्यात कधी उतरायचे, ते शल्यचिकित्सकांना विचारूनच ठरवा. तांबडी माती डोळ्यात गेली आणि तुम्ही सवयीने डोळा चोळलात, तर सारे कष्ट वाया जातील. वस्तादांनाही आधी सांगून ठेवा.

भरतीबाबत मात्र उलट्या क्रमाने चला. आधी ज्या पदासाठी अर्ज करणार, त्या पदाच्या चालू जाहिरातीतील वैद्यकीय निकष वाचा आणि मग डोळ्याला हात लावा. प्रवेशमार्गानुसार हे निकष वेगळे असतात आणि बदलतात: काही ठिकाणी अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार चालत नाही, जेथे चालतो, तेथे शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ, कॉर्नियाची उरलेली जाडी आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याची अवस्था पाहतात. शस्त्रक्रिया लपवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. नकाशात ती दिसते.

प्रश्न : माझे वय ४३ आहे. साखर कारखान्याच्या हिशोब विभागात आहे. लांबचा नंबर उणे ३ आहे आणि आता जवळचे वाचताना चष्मा काढावा लागतो. लेझर केले तर दोन्ही चष्मे जातील का?

उत्तर : दोन्ही जाणार नाहीत. चाळिशी लागते ती डोळ्याच्या आतील नैसर्गिक भिंग ताठर झाल्यामुळे, आणि लेझर होते ते बाहेरच्या कॉर्नियावर. आज तुम्ही चष्मा काढून वही वाचू शकता, ती सोय उणे ३ नंबरमुळेच आहे. तो नंबर घालवला की लांबचे स्वच्छ दिसेल आणि वाचायला मात्र चष्मा शोधावा लागेल. दिवसभर आकडे वाचणाऱ्या माणसाचा हा व्यवहार तोट्याचा ठरू शकतो. एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याची रीत आहे, परंतु ती सर्वांना मानवत नाही.

नंबर गेला, तरी ऱ्हस्वदृष्टीच्या डोळ्याचा पडदा पातळच राहतो, म्हणून पडद्याची तपासणी पुढेही करत राहावी लागेल. तपासणीत मधुमेह आढळला, तर साखर आधी आटोक्यात आणावी लागेल. आणि शस्त्रक्रिया केलीच, तर तिच्या आधीच्या मोजमापांची प्रत जपून ठेवा: पुढे मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवायला ती लागते, आणि काचबिंदूच्या तपासणीत पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचा दाब असतो त्याहून कमी दिसतो, हेही त्या कागदावरूनच डॉक्टरांच्या ध्यानात येईल. तूर्त एका डोळ्याला लांबची आणि दुसऱ्याला जवळची अशा नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स आठवडाभर लावून बघा, त्या लावून कारखान्यात खतावणी लिहा, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरून या आणि मगच तपासणीची वेळ घ्या.