नदीच्या खोऱ्यातल्या जंगल ट्रेलवर पहिल्यांदाच एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन जायचंय, आधी काय शिकून घेऊ?

तुम्ही विचारलंय की रस्त्यावर ४०-५० किलोमीटर आरामात होतात, आता एमटीबी घेतलीये आणि नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात जे सिंगल ट्रॅक, म्हणजे एका सायकलपुरत्या अरुंद वाटा आहेत तिथे जायचंय, तर आधी काय शिकू. मी बरीच वर्षं अशाच ट्रेलवर चालवतेय आणि माझं उत्तर एकच आहे, ओल ओळखायला शिका. सस्पेन्शन, गिअर वगैरे सवयीने जमतं, पण खोऱ्यात तुम्ही पडणार की टिकणार हे बहुतेक वेळा पाणीच ठरवतं.

कसं ते सांगते. रात्री थंड हवा उतरून खोऱ्याच्या तळाशी साचते, दव पडतं, वरून झाडांची दाट सावली, त्यामुळे वर जिथून सुरुवात करता तिथे माती अगदी खडखडीत असली तरी खाली नदीजवळ दुपारपर्यंत ओल राहते. मी सुरुवातीला वरची माती बघून खुश व्हायचे आणि त्याच वेगात खाली सुटायचे. एकदा उतारावर हलकंसं वळण होतं, वाळका पाला पसरलेला, दिसायला काहीच अवघड नाही, आणि पाल्याखाली मनगटाएवढं जाड मूळ तिरकं गेलेलं, साल निघून गुळगुळीत झालेलं आणि ओलं. पुढचं चाक त्यावर चढलं तेव्हा माझं बोट पुढच्या ब्रेकवर दाबलेलं होतं. चाक मूळ ओलांडून गेलंच नाही, मुळाच्या कडेकडेने रुळावर घातल्यासारखं सरकत गेलं आणि काही कळायच्या आत मी उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं नाही पण तीन आठवडे हात डोक्याच्या वर जात नव्हता.

तेव्हापासून मुळांच्या बाबतीत मी फार कडक आहे. मूळ दिसलं की वेग त्याच्या आधी कमी करायचा, मुळावर चाक असताना दोन्ही ब्रेक सोडलेले, पेडल मारायचं नाही, हँडल वळवायचं नाही, आणि जमेल तितकं काटकोनात ओलांडायचं. टायरची पकड मोजकीच असते हो, ती ब्रेक मारण्यात खर्च केलीत तर बाजूला घसरण्यापासून वाचवायला काही उरत नाही, आणि ओल्या मुळावर तर मुळात पकडच नसते. जिथे मुळांचं जाळंच आहे तिथे प्रत्येकाला काटकोन कुठून मिळणार, तिथे एक सरळ लाइन धरायची, नजर जाळ्याच्या पलीकडच्या मातीवर ठेवायची आणि हात सैल सोडून सायकलला खाली हवी तशी हलू द्यायची. घट्ट धरलीत की पडलातच. शेवाळलेले दगड आणि लाकडी पूल यांनाही हेच लागू, लाकडी फळ्या ओल्या असतील तर त्यावर ब्रेक म्हणजे बर्फावर ब्रेक.

उभं कसं राहायचं हेही रस्त्यापेक्षा वेगळं. उतारावर सीटवर बसायचं नाही, सीट खाली करा, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा जरा खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली. पुढच्या ब्रेकला मात्र घाबरून सोडून देऊ नका, सायकल थांबवण्याचं बरंचसं काम तोच करतो, फक्त तो सरळ चालताना आणि चांगल्या मातीवर वापरायचा, एका बोटाने, हळूहळू दाबत.

टायरमधली हवा. रस्त्यावरून आलेले सगळे इथे चुकतात, हवा ठासून भरतात आणि मग सायकल दगडा-मुळांवरून टणाटण उडते. २.३ इंचाच्या आसपासचे ट्यूबलेस टायर असतील आणि वजन ६५-७० किलो असेल तर पुढे २०-२२ आणि मागे २३-२५ पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) इथून सुरू करा, मग एक-दोन पीएसआय कमीजास्त करत बघा. ट्यूब असेल तर ४-५ जास्त ठेवा, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते चिखलाबद्दल. पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका. ट्रेलवर बूट दाबून बघा, खोल ठसा उठला आणि माती टायरला चिकटून येत असेल तर परत फिरा, कितीही लांबून आला असाल तरी. चांगला ट्रेल बांधताना उताराला आडवा कापतात आणि बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवतात म्हणजे पाणी पातळ थराने वाहून खाली निघून जातं. ट्रेल बांधणाऱ्यांचा एक नियम आहे, ट्रेलचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पाणी ट्रेलवरूनच पळायला लागतं. ओल्या मातीत आपण गेलो की चाकोरी पडते, पुढचं पाणी त्या चाकोरीतूनच धावतं, तिची घळ होते, आणि ती माती शेवटी कुठे जाते तर नदीत. लोकांनी हाताने घमेली उचलून महिनोन् महिने बांधलेला ट्रेल आठ-दहा सायकलींनी एका सकाळी खराब झालेला मी बघितलाय, फार वाईट वाटतं. एखादं डबकं मध्ये आलंच तर त्याच्या मधून जा, कडेने नको, कडेने गेल्याने ट्रेल रुंद होत जातो आणि झाडोरा मरतो.

ओढा ओलांडायचा असेल तर आधी उतरून बघा. तळ दिसत नसेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही, सरळ मागे फिरा. आणि इथे ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला असेल तर पाणी चढतं, जाताना घोट्याएवढं असलेलं येताना मांडीपर्यंत आलेलं असू शकतं. पाणी गढूळ होतंय, काड्या-पाला वाहून येतोय असं दिसलं की थांबायचं नाही, लगेच वर निघायचं.

अजून एक, डोंगरावर आधी चढता आणि दमल्यावर उतार मिळतो, खोऱ्यात बरोबर उलटं. आधी मजेत खाली जाता आणि शेवटी पाय गळाल्यावर चढ येतो, म्हणून तळाशी पोहोचाल तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक हवं. खाली अंधारही लवकर पडतो आणि मोबाईलची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करा आणि किती वाजता परत येणार ते कुणाला तरी सांगून जा. गडद गॉगल नको, पारदर्शक चष्मा घाला, झाडांखाली ऊन-सावली इतकी पटापट बदलते की गडद काचेतून मूळ दिसतच नाही.

पाट्यांवरचे रंग बघा, हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा अवघड, काही देशांत निळा आणि काळा यांच्या मध्ये लालही असतो. तुम्ही पहिले चार-पाच वेळा हिरव्यावरच चालवा, रस्त्यावरचा दम इथे कामाला येतो पण तोल आणि नजर नव्याने तयार करावी लागते. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्या, चढून येणाऱ्या सायकलवाल्यालाही, आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा.

घरी आल्यावर गाळ वाळायच्या आत साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा, प्रेशर पंप हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नका, पाणी आत शिरून ग्रीस निघून जातं. चेन पुसून कोरडी करा आणि मगच तेल, ब्रेकच्या डिस्कवर मात्र तेलाचा थेंबही उडता कामा नये.