तापीकाठच्या शेतातील पाणथळ भागाची हद्द कशी ठरवावी?

रावेरकडच्या आपल्या गटातील सखल तुकडा कुठवर पाणथळ मानावा, हे केवळ पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यावरून ठरवू नये, कारण खान्देशातील काळ्या जमिनीत साधे शेतही जोराच्या पावसानंतर काही दिवस तुंबते. पाणी, वनस्पती आणि माती या तिन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. पाणकणीस ही पाणवनस्पती दाट असेल तर तो भरवशाचा पुरावा आहे; लव्हाळा मात्र ओलिताच्या कोरड्या शेतातही माजतो. खरी कसोटी मातीची: उंच भागाकडून सखल भागाकडे ओळीने हात-दीड हात खोल खड्डे घ्यावेत आणि मुळांच्या वाटांभोवती तांबूस गंजासारखे ठिपके व करडी छटा कुठून सुरू होते ते पाहावे. काळ्या मातीत ही छटा सहज लपते, म्हणून ढेकूळ ओले करून उजेडात फोडावे.

अशा बदलाच्या जागी खुंट्या ठोकून त्यांची जीपीएस नोंद घ्यावी व ती गटाच्या नकाशावर उतरवावी. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका १० मीटरचा असल्याने ते ऋतूंची तुलना करण्यापुरतेच वापरावे. कायदेशीर दर्जा हा वेगळा प्रश्न आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीपात्र, भातशेती आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत.