तारा लावायच्या आधी आणि नंतर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि एक्स-रेचा फोटो मिळाला. पुढच्या आठवड्यात तारा बसणार आणि त्यानंतर तू होस्टेलवर जाणार, म्हणजे दातांकडे बघायला घरचं कुणी नसेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू विचारलंस, चार चांगले दात काढायला का सांगितलं? तुझे वरचे दात पुढे आहेत आणि खाली गर्दी आहे. काढायचे ते दात म्हणजे सुळ्याच्या लगेच मागची पहिली उपदाढ, ती साधारण ७ मिमी रुंद असते. वरच्या दोन काढल्या की १४ मिमी जागा मिळते. ती जागा गर्दी सोडवायला आणि पुढचे दात आत घ्यायला वापरतात. गर्दी ३-४ मिमीचीच असेल तर बहुतेकदा दात काढावे लागत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचार : ‘मोकळी झालेली जागा किती पुढच्या दातांसाठी आणि किती दाढा पुढे येण्यात जाणार?’ दातांचे साचे आणि बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे समोर ठेवून ज्यांना हे उत्तर देता येतं, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बीडीएसनंतर (दंतवैद्यकाची पदवी) ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, तीन वर्षांचं एमडीएस (पदव्युत्तर पदवी) झालेलं आहे ना, तेही बघून घे. खर्चाची अडचण असेल तर नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार खूप कमी पैशांत होतात, फक्त रांग असते.

आता दात सरकतो कसा ते समजून घे, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच आलेत. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पदर असतो, जाडी जेमतेम ०.२ मिमी. तारेचा हलका दाब बसला की ज्या बाजूला हा पदर दाबला जातो तिकडचं हाड पेशी विरघळवतात, आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिकडे नवं हाड भरतं. हा वेग महिन्याला साधारण १ मिमी. जोर वाढवून तो वाढत नाही. उलट दाब फार झाला की पदरातला रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग साफ होईपर्यंत दात जागचा हलत नाही. मुळाचं टोक झिजण्याचा धोकाही वाढतो. तेव्हा ‘डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर संपू दे’ असं म्हणू नकोस. दाब हलका हवा आणि तो अखंड हवा. दात काढून केलेल्या उपचाराला १८ ते २४ महिने लागतात. मध्ये खंड पडले की हा आकडा लांबतो.

तारा बसवण्याच्या काही दिवस आधी दाढांच्या फटीत छोटी निळी रबरं घालतील. दाढेला कडं बसवायला जागा व्हावी म्हणून ती असतात. शेवग्याच्या शेंगेचा तंतू अडकल्यासारखं वाटेल, पण टूथपिक घालू नकोस. एखादं पडलं तर लगेच फोन कर, नाहीतर फट पुन्हा मिटते. तारा लावायच्या आधी कीड भरून आणि दात साफ करून घेतलेले असले पाहिजेत.

ब्रॅकेट म्हणजे तार अडकवायला प्रत्येक दातावर लावतात तो छोटा तुकडा. तो चिकटवताना दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुऊन वाळवतात. दात खडूसारखा पांढरा दिसला की त्यावर प्रायमर (पातळ चिकट द्रव), मग कंपोझिट (घट्ट चिकटवणारं मिश्रण) लावलेलं ब्रॅकेट, मग ते कडक करायला निळा प्रकाश. या वेळी तिथे लाळ लागली तर ते ब्रॅकेट पुढे कधीतरी निघणारच. त्यामुळे तोंड दुखलं तरी जीभ आवरून बस. तुझ्या दातांवर मुळातच पांढरट पट्टे आहेत. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याची ती खूण. अशा दातांवर ब्रॅकेटची पकड कमी बसते, आम्ल जरा जास्त वेळ ठेवावं लागतं. हे डॉक्टरांना आधीच सांग, आणि सुरुवातीलाच दातांचे जवळून फोटो काढून ठेव. तारा निघाल्यावर कुठला डाग आधीचा आणि कुठला नंतरचा, याचा वाद राहत नाही.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, बहुधा ०.०१४ इंचाची. ती कितीही वाकवून बसवली तरी मूळ आकाराकडे परतत राहते, आणि सोबत दातांना ओढते. दुखणं लगेच नाही, चार-सहा तासांनी सुरू होईल, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असेल आणि आठवड्याच्या आत बहुतेक ओसरेल. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेहमी घेऊ नकोस, दात सरकवणाऱ्या प्रक्रियेतलंच एक रसायन त्या कमी करतात. तीन-चार दिवस मऊ खिचडी, उपमा, इडली. गाल सोलले तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भर. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर तारांसाठी मिळतं ते मेण लावायचं, पण आधी ब्रॅकेट कापसाने कोरडं कर. ओल्यावर मेण टिकत नाही, आणि मग मुली म्हणतात की मेणाचा काही उपयोग होत नाही.

ब्रशबद्दल मात्र नीट वाच. तारा लावलेल्यांचे दात बिघडतात ते इथेच.

ब्रॅकेट बसलं की दाताचे दोन भाग होतात, ब्रॅकेटच्या वरचा आणि खालचा. हिरडीकडची चिंचोळी पट्टी नेहमीचा ब्रश चुकवतो. तिथे पिठूळ थर साचतो, त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की तो उतरतो) ५.५ च्या खाली गेला की दातातली खनिजं निघायला लागतात. ब्रॅकेटभोवती पांढरी चौकट उमटायला चार आठवडेही पुरतात. ब्रॅकेट निघतं, चौकट राहते.

आरशासमोर उभी राहा. आधी ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून बारीक हालचाल कर. वरच्या दातांना मग केस खाली वळवून ब्रॅकेटच्या माथ्यावर, नंतर केस वर वळवून ब्रॅकेटच्या बुडाशी. खालच्या दातांना हेच उलट. मग चावायची बाजू, शेवटी जिभेकडची. त्यानंतर बाटली धुवायच्या ब्रशसारखा तो चिमुकला इंटरडेंटल ब्रश घे आणि प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधे तारेखालून एकदा वरून, एकदा खालून घाल. रात्री सुपरफ्लॉसचं (फटी साफ करायचा दोरा) कडक टोक तारेमागून ओवून फटी साफ कर. याला सहा-सात मिनिटं लागतात. दोन मिनिटांत होत असेल तर काहीतरी राहिलंय. ब्रॅकेटच्या कडा धारदार चमकल्या पाहिजेत, त्या पुसट दिसल्या तर थर तिथेच आहे. हिरडीतून रक्त आलं की घाबरून त्या भागाला ब्रश लावणं थांबवू नकोस. थर साचल्यानेच ती सुजते, आणि सुजलेली हिरडी ब्रॅकेटवर चढली की साफ करणं आणखी कठीण.

पेस्ट किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची हवी. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाक, पण भसाभसा चुळा भरू नकोस, दातावरचं फ्लोराइड त्याने धुऊन जातं. डॉक्टरांनी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश दिलं तर ते ब्रशनंतर लगेच नको, दुपारी वापर आणि पुढे अर्धा तास काही खाऊपिऊ नकोस. क्लोरहेक्सिडीनचं (जंतुनाशक) माउथवॉश मात्र महिनोन्‌महिने वापरायची वस्तू नाही, दात तपकिरी होतात.

मेसचं जेवण बहुतेक चालेल. कडक भाकरीचे पापुद्रे भाजीत भिजवून खा. चिक्की, चकली, सुपारी, ऊस, बर्फ, मक्याचं कणीस दातांनी तोडणं, अख्खा पेरू चावणं, हे बंद. पेरू खायचाच तर फोडी करून, मागच्या दाढांनी. पेनाचं टोपण चावायची सवय असेल तर ती चिक्कीइतकीच वाईट. साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा थोडा थोडा पिण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच घे. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त बाधतं. आणि ब्रॅकेटवरच्या रबरांचा रंग विचारतील तेव्हा पारदर्शक निवडू नकोस. वरणाच्या हळदीने ती थोड्याच दिवसांत पिवळी पडतात. करडा किंवा गडद निळा घे.

ब्रॅकेट सुटलं आणि तारेवर फिरतंय, तर ओढून काढू नकोस. मेण लावून ठेव आणि त्याच दिवशी कळव. पुढच्या तारखेपर्यंत थांबलीस तर तो दात तेवढे आठवडे मागे पडतो, कधी परत वाकडाही होतो. दात सरळ होताना तार मागच्या बाजूने बाहेर सरकते आणि गालात टोचते. हे बिघडणं नव्हे, टोक कापायचं राहिलंय एवढंच. पेन्सिलच्या मागच्या रबराने ते दाढेकडे दाब, मेण लाव, मग दवाखान्यात जा. ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुधा शौचावाटे जातं. ठसका लागून थांबत नसेल किंवा श्वास अडत असेल तर मात्र थेट हॉस्पिटल.

काही महिन्यांनी जाड स्टीलची तार येईल, आणि कदाचित वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची रबरं. ही तू स्वतः लावायचीस, दिवसाचे २० ते २२ तास, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढून. ताणलेलं रबर सैल पडत जातं, म्हणून रोज नवं. दिवसा विसरलीस म्हणून रात्री दोन-दोन लावू नकोस, जास्त जोराचं काय होतं ते वर लिहिलंय. पाकिटावर प्राण्याचं किंवा फळाचं चित्र असतं, ती त्या मापाची आणि जोराची खूण. मैत्रिणीकडून उसनी घेऊ नकोस. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांग, बिनलॅटेक्सची मिळतात.

दात नीट दिसायला लागले की, बहुधा वर्षभरातच, तुला वाटेल आता काढून टाकूया. तेव्हा पुढचे दात सरळ असतात, पण वरच्या-खालच्या दाढांची गाठ जमलेली नसते आणि मुळं तिरकी असतात. थांब.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभर घेतात आणि तोवर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. गर्दी होती तिथे तर हमखास. खालच्या सहा दातांमागे बारीक तार चिकटवून घे, आणि वरचा काढघालीचा रिटेनर पहिले सहा महिने दिवसरात्र, मग रोज रात्री, पुढची कित्येक वर्षं. दोन रात्रींनी घातला आणि तो आवळला, तर समज दात हलले होते. साफ करायचा तो थंड पाण्याने, मऊ ब्रशने. गरम पाण्यात तो वाकतो. जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नकोस, मेसच्या कचऱ्यात गेलेले रिटेनर बहुतेक असेच गेलेले असतात. डबी पिशवीतच असू दे.

तुझी,
मावशी

ता. क. होस्टेलवर जाण्याआधी हे घेऊन ठेव : मधे खोलगट केसांचे ऑर्थो ब्रश दोन, बारीक इंटरडेंटल ब्रशची दोन पाकिटं, सुपरफ्लॉस, मेणाच्या दोन डब्या, छोटा आरसा. पुढची तारीख गावच्या सुट्टीवर ढकलू नकोस. नवं शहर असेल तर आताच्या डॉक्टरांकडून एक्स-रे, साच्यांचे फोटो आणि ब्रॅकेटचा प्रकार लिहून घे. दुसऱ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच पडतो.