दमट हवेत लाकूड वाळवण्याचे नियोजन

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीत आमचा फर्निचरचा लहान कारखाना आहे. सागवानाच्या फळ्या आम्ही शेडमध्ये थप्पी लावून वाळवतो. तरीही पावसाळ्यात केलेल्या टेबलांचे सांधे ग्राहकांच्या वातानुकूलित घरांत उघडतात. येत्या तीन-चार वर्षांत वाळवणीची व्यवस्था सुधारायची आहे. सौर भट्टी, हीट पंपाची भट्टी की व्हॅक्यूम भट्टी, सुरुवात कशापासून करावी?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : लाकूड भोवतालच्या हवेतील दमटपणाशी समतोल साधेपर्यंतच वाळते, त्यामुळे आपली शेड कितीही हवेशीर असली तरी भर पावसाळ्यात तेथील लाकडाचा ओलावा (म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत त्यातील पाणी) साधारण १६ ते १८ टक्क्यांच्या खाली उतरणार नाही. वातानुकूलित खोलीत हा समतोल ९-१० टक्क्यांच्या आसपास असतो. खोडातील वलयांच्या दिशेने लाकूड अधिक आकसते. ज्यांची रुंदी त्या दिशेने येते अशा कापाच्या सागवानी फळ्या जोडून केलेला ९०० मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा ६ टक्के ओलावा गेल्यावर सुमारे १० मिलिमीटरने अरुंद होतो. हा ताण सांध्यांना पेलवत नाही.

म्हणून पहिला खर्च मोजमापावर करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. लाकडात सुया खुपसून ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर लाकडाची जात आणि तापमान यांची दुरुस्ती लावावी, आणि अधूनमधून फळीच्या मधल्या भागातील तुकडा वजन करून, १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून, मीटरचा आकडा पडताळावा. भारतीय मानक २८७ मध्ये हवामान विभागांनुसार ओलाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. मात्र ऐरोली-वाशीतील वातानुकूलित घरांसाठी आपले उद्दिष्ट त्या घरांतील हवेवरूनच ठरवावे.

भट्टीपैकी आपल्यासाठी मी हीट पंपाची निवडेन. समजा, १ घनमीटर सागवानाचे कोरडे वजन ५५० किलो आहे. ओलावा ४० वरून १० टक्क्यांवर आणायचा तर १६५ किलो पाणी काढावे लागते, आणि केवळ त्याची वाफ करण्यास शंभराहून अधिक युनिट इतकी उष्णता लागते. साध्या भट्टीत ही उष्णता दमट हवेबरोबर झरोक्यातून निघून जाते, तर हीट पंप वाफेचे पुन्हा पाणी करून तिच्यातील उष्णता भट्टीतच परत वापरतो. सौर भट्टी स्वस्त आणि हळुवार आहे, पण आपली खरी अडचण जून ते सप्टेंबरची, आणि नेमके तेव्हाच ऊन नसते. उन्हाळ्यात प्राथमिक वाळवणीसाठी ती जरूर बांधावी. हवेचा दाब कमी करून लाकूड वाळवणारी व्हॅक्यूम भट्टी जाड आणि महाग लाकडासाठी उत्तम असली तरी तिची किंमत पाहता तिचा विचार शेवटी व्हावा.

भट्टी आल्यावर घाईचा मोह टाळावा. पृष्ठभाग आधी आकसला की आतला ताण अडकून राहतो. तो ओळखण्यासाठी फळीच्या आडव्या कापाची चकती घेऊन तिला काट्यासारखे दाते पाडावेत; दाते आत वळले तर वाळवणीच्या अखेरीस काही तास वाफ देऊन ताण मोकळा करावा लागेल.

शिवाय वाळलेले लाकूड उघड्या शेडमध्ये ठेवल्यास काही आठवड्यांत ते पुन्हा ओलावा धरते. त्यामुळे भट्टीच्या अंदाजपत्रकातच डिह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) असलेल्या बंद खोलीचा खर्च धरावा, तिथली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखावी आणि फळ्या त्या खोलीतून थेट जोडकामाला घ्याव्यात.