घरात ‘गोपनीयता’ कशाला?

प्रश्न असा आला आहे: “साताऱ्याजवळ घर बांधतोय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं राहणार. आर्किटेक्टच्या टिपणात ‘प्रत्येकाची गोपनीयता जपून घरात मोकळेपणा आणि संवाद राखणे’ असं लिहिलंय. प्रायव्हसीला गोपनीयता म्हणणं बरोबर आहे का? आणि खाजगी लिहायचं की खासगी?”

बरोबर नाही. फ्लॅटच्या जाहिरातींपासून शाळेच्या परिपत्रकांपर्यंत हा शब्द इतका कानावर आदळतोय की जीव वैतागतो. गोपनीय म्हणजे बाहेर फुटू द्यायचं नाही असं. सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल असतो. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. तुमच्या आईला दुपारी दार लोटून घटकाभर पडायचं असेल, मुलीला मैत्रिणीशी निवांत बोलायचं असेल, तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा आपल्याकडे कुणी ‘खासगीपणाचा हक्क’ लिहिलं, कुणी ‘गोपनीयतेचा’. दुर्दैवाने दुसराच जास्त चिकटला. हिंदीवाल्यांनी ‘निजता’ घेतलं. ते आपल्याकडे रुजणार नाही, कारण मराठी कानाला त्यात झोप ऐकू येते.

पण या ‘गोपनीय’च्या पोटात जे आहे ते फार सुंदर आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यात गाय आहे!

जुन्या वळणाचे व्याकरणकार म्हणतील, कसली गाय? धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या जुन्या यादीत, ‘गुपू रक्षणे’ (गुप् म्हणजे राखणे) असा स्वतंत्र धातू दिलाय, त्यावरून गोपनीय, विषय संपला. संपत नाही. या धातूचं रूप ‘गोपायति’ होतं, आणि त्यातला ‘आय’ कुठून आला हे सांगायला पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं: गुपूधूपविच्छिपणिपनिभ्य आयः. आता उलट बाजूने पाहा. गो + पा म्हणजे गाई राखणारा, गोपा. हा शब्द ऋग्वेदात जागोजागी आहे. गोपासारखं वागणं म्हणजे गोपायति. ‘आय’ आपोआप जागेवर बसतो. दहाव्या मंडलात सूर्याला राखणारे कवी येतात, तिथे क्रियापद हेच आहे, ‘गोपायन्ति’. म्हणजे आधी गुराखी, मग राखणं, आणि धातू त्यातून मागाहून काढलेला. भाषेच्या इतिहासाचे अभ्यासक हेच मानतात. तरीही सूत्र पाठ आहे म्हणून कुणी मूळ नाकारत असेल, तर त्याने सूत्र पाहिलंय, शब्द पाहिलेला नाही.

राखलेलं ते गुप्त. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला. त्यात लपवाछपवी काही नाही. राखायचं तर झाकावं लागतं, म्हणून अर्थ हळूहळू लपवण्याकडे सरकला. जुगुप्सासुद्धा याच घरातली: स्वतःला दूर राखावंसं वाटणं, म्हणून किळस.

आता आर्किटेक्टच्या वाक्यातला ‘संवाद’ घ्या. आपला साधा शब्द गोष्ट. तो आला गोष्ठीवरून, गोष्ठी म्हणजे बैठक, चार माणसांचं बोलणं. आणि ती गोष्ठापासून, म्हणजे गाई उभ्या राहतात त्या जागेपासून. त्या गोष्ठाचाच आपला गोठा झाला. गुरं दुपारी विसावतात ती गोठण. गुरं एकत्र, म्हणून राखणारी माणसं एकत्र, म्हणून गोष्टी. राहिला ‘मोकळेपणा’. खिडकीला संस्कृतात गवाक्ष म्हणतात: गो + अक्ष, गाईचा डोळा. झाकणं, बोलणं, बाहेर पाहणं, तिन्ही शब्द गाईपाशी जाऊन थांबतात. माझं तर ठाम मत आहे की घराची कल्पनाच या भाषेने गोठ्याशेजारी उभं राहून केली. हे मत पुष्कळांना पटत नाही. मी सोडणार नाही.

आमच्या कोकणातल्या घरी पडवी, ओटी, मग माजघर अशी रचना होती. (माजघरातला माज म्हणजे मध्य: मध्य, मज्झ, माज. जगामाजी, मनामाजी यांतला ‘माजी’ही तोच. लोक हल्ली दारातून आत शिरल्याबरोबरच्या हॉललाही माजघर म्हणतात, तेव्हा पुढचं बोलणंच सुचत नाही.) माजघर आणि ओटी यांच्यामधल्या भिंतीत हातभर रुंदीची, उभ्या लाकडी गजांची एक खिडकी होती. आजी तिच्याखाली बसून सुपात तांदूळ निवडायची. आत काळोख, ओटीवर उजेड, त्यामुळे पाहुण्यांना ती दिसायची नाही; तिला मात्र सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. कुणी सांगायला आत येण्याआधी चुलीवर मोजून चार कपांचं आधण चढलेलं असायचं. कंटाळा आला की ती खिडकीचं फळकूट लोटून घ्यायची, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी काही विचारलं नाही.

त्या फळकुटाला मराठीत आडोसा म्हणतात. तुमच्या आर्किटेक्टला हवाय तो शब्द हाच. भिंत, पडदा, जाळी, दाराची दिशा असं बांधकामाचं काही सांगायचं असेल तिथे आडोसा. माणसाची गरज सांगायची असेल तिथे एकांत. हक्काची भाषा असेल तिथे खासगीपण. ‘प्रत्येकाला आडोसा, तरी घर बोलतं’ एवढं लिहिलं तर गवंड्यालाही कळेल.

खाजगी की खासगी हेही विचारलंत. मूळ अरबी ‘खास’, त्याला फारसी ‘गी’. होळकरांच्या दौलतीतही राणीच्या स्वतंत्र मिळकतीला ‘खासगी’च म्हणत. बोलण्यात स चा ज झाला, त्याला मी चूक म्हणणार नाही. लिहिताना मात्र मी स लिहितो.